मला चालवत नाही

मराठीत दुखण्याला शब्दांची वाण नाही. दाढ ठणकते, गळू ठसठसतं, कमरेत उसण भरते, पोटात कळ येते, जखम चरचरते, डोकं भणभणतं आणि काटा निघून गेला तरी त्याची जागा सलत राहते. रोनाल्ड मेल्झॅक या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञानं १९७५ साली वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत वेदनेचे ७८ इंग्रजी शब्द वीस गटांत मांडलेले होते आणि रुग्णानं त्यांतून आपल्या दुखण्याला लागू पडतील ते निवडायचे होते. आपल्या भाषेत अशी यादी करायला बसलं तर ती फार मागे पडणार नाही. पण दुखण्याबद्दलचं मराठीतलं सर्वांत नेमकं बोलणं या शब्दांत नाही, ते क्रियापदाच्या एका रूपात आहे. गुडघे दुखणारी बाई डॉक्टरांसमोर बसली की पुष्कळदा वेदनेचं वर्णन करतच नाही. ती म्हणते, ‘चालवत नाही.’ ‘जिना चढवत नाही.’ ‘खाली बसवत नाही.’ व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. ‘मी चालत नाही’ यात चालायचं की नाही हे माणूस ठरवतो. ‘मला चालवत नाही’ यात माणसाला चालायचं असतं, शरीर साथ देत नाही. डॉक्टर विचारतात, ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतं?’ बाई सांगते, काय करवत नाही ते. प्रश्न एक, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं, असं वरवर वाटतं. मला मात्र वाटतं की बाईचं बरोबर आहे आणि प्रश्नच बदलायला हवा.

या निबंधाचं म्हणणं एवढंच आहे. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या, म्हणजे वैद्यकाच्या भाषेत जुनाट ठरलेल्या दुखण्यात औषधाची किंमत ‘दुखणं किती कमी झालं’ यावर करू नये. त्या औषधाच्या आधारानं माणसाला काय करवू लागलं, यावर करावी. हे एकदा मान्य केलं की आपल्या घराघरांत चालणारा एक जुना वाद निकालात निघतो. एक पक्ष म्हणतो, ‘सहन कर, गोळ्यांची सवय लागेल, किडनी जाईल, त्यापेक्षा चालायला जात जा.’ दुसरा म्हणतो, ‘एक गोळी घे आणि कामाला लाग.’ दोन्ही पक्ष गोळी आणि हालचाल यांना एकमेकांच्या जागी ठेवतात, जणू एक असली की दुसरी नको. खरं तर जुनाट दुखण्यात गोळी घ्यायची ती हालचालीसाठी, आणि हालचाल वाढवायची ती पुढं गोळी कमी करता यावी म्हणून.

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. पुणे–सोलापूर रस्त्यावरचं भिगवण अनेकांना उजनीच्या पाणलोटामुळं आणि तिथं उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळं माहीत आहे. वैद्यकाच्या जगात ते आणखी एका कारणानं माहीत आहे. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगानं चाललेल्या एका कार्यक्रमाखाली या गावात घरोघरी जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांना विचारलं, तेव्हा सुमारे १८ टक्के लोकांना हाडं, सांधे किंवा स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. सांधे वाकडे करणाऱ्या आमवाताचं प्रमाण त्यात फार कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. बाकी कंबर, गुडघे, मान, खांदे, आणि कोणत्याच रोगाच्या नावात नीट न बसणारी दुखणी. म्हणजे पाच–सहा माणसांमागं एक. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असं आपण म्हणतो. ही दुखणी येतानाही मुंगीच्या पावलांनी येतात, आणि पुष्कळदा जातच नाहीत. एखाद्या सणाला मांडी घालून पंगतीला बसता आलं नाही, तेव्हा लक्षात येतं की दोन वर्षं झाली, आपण खाली बसलेलोच नाही.

ती जात का नाहीत, हे समजून घेतल्याशिवाय औषधाचं काम कळत नाही. दुखणं म्हणजे इजेचं माप, असं आपण धरून चालतो. जेवढी इजा तेवढी वेदना. हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञानं दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जबर जखमी झालेले सैनिक पाहिले. त्यांतल्या पुष्कळांनी विचारूनही वेदनाशामक नको म्हटलं होतं. उलट्या बाजूनं, पाठीच्या मणक्यांची छायाचित्रं पाहा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र केल्या होत्या. मणक्यांमधल्या चकत्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत दिसली आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. या सगळ्यांना दुखत काहीच नव्हतं. म्हणून ‘गादी सरकली आहे’, ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गुडघ्याची वाटी घासली आहे’ ही दवाखान्यात सहज बोलली जाणारी वाक्यं मला फार जड वाटतात. केस पांढरे झाले तसे मणकेही वयाप्रमाणं बदलतात. पण ‘घासली आहे’ हा शब्द एकदा कानात बसला की माणूस प्रत्येक पायरीवर आपली वाटी आणखी घासतोय असं समजून पाय आखडता घेतो.

मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं की शरीराकडून निघालेला संदेश मेंदूकडं जाताना मज्जारज्जूत एका फाटकातून जातो, आणि ते फाटक मेंदू कमीजास्त उघडू शकतो. १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ यांनी दाखवलं की मार बसत राहिला की मज्जारज्जूच हळवा होतो, आणि मग साधा स्पर्शही वेदना म्हणून पुढं जातो. राखणीच्या कुत्र्यावरून हे चटकन कळेल. चोर येऊन गेल्यावर काही दिवस तो पानाच्या सळसळीवरही भुंकतो, घरच्या माणसावरही भुंकतो. चोर कधीच निघून गेलेला असतो. कुत्र्याचं भुंकणं खोटं नाही, त्याची भीती खरीच आहे. फक्त ते भुंकणं ऐकून दारं-खिडक्या लावून घरात बसण्याचं कारण आता उरलेलं नाही. आणि त्याला शांत करायचं तर घरच्या माणसांनी त्याच्यासमोरून रोज सावकाश ये-जा करावी लागते. तेव्हा ‘सगळं तुमच्या डोक्यात आहे’ असं जुनाट दुखण्याच्या रुग्णाला ऐकवणं हे अज्ञान आहे आणि क्रौर्यही. दुखणं मज्जासंस्थेत आहे, आणि मज्जासंस्था हा शरीराचाच भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत जुनाट वेदनेला स्वतंत्र जागा मिळाली, ती याच समजुतीतून.

आता हालचालीकडं. आपल्याकडं आजाराला ‘अंथरूण धरणं’ म्हणतात, आणि कंबरेसाठी डॉक्टरही पिढ्यान् पिढ्या सक्त विश्रांतीच सांगत आले. १९८६ साली अमेरिकेत रुग्णांचे दोन गट करून पाहिलं, एकाला दोन दिवस अंथरूण, दुसऱ्याला सात. जास्त झोपणाऱ्यांना जास्त बरं वाटलं नाही. त्यांचे कामाचे दिवस मात्र जास्त बुडाले. १९९५ साली हेलसिंकीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात तर झेपेल तसं रोजचं काम चालू ठेवणारे विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा लवकर सावरले. ही ताज्या कंबरदुखीची गोष्ट. जुनाट कंबरदुखीबद्दल २०२१ साली २४९ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं, काही न करणाऱ्यांच्या किंवा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या मानानं, शंभरात सरासरी पंधरा गुणांनी कमी झालं. आणि २०२४ साली ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर केलेल्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली टप्प्याटप्प्यानं चालायला लावलं. त्यांचं दुखणं परत यायला मध्यमानानं २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांचं ११२ दिवसांत परतलं. काही महागडं यंत्र नाही, साधं चालणं.

औषधांची आकडेवारी याहून फिकी आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. इबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. ॲस्पिरिनबाबत हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली उलगडलं आणि त्याबद्दल त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं. जुनाट कंबरदुखीत या गोळ्यांचा फायदा, खोट्या गोळीच्या तुलनेत, शंभरात दहा गुणांपेक्षाही कमी भरतो. यावरून व्यायाम गोळीहून दुप्पट चांगला, असा निष्कर्ष मात्र काढू नये. गोळीची तुलना खोट्या गोळीशी होते. व्यायामाची तशी होऊ शकत नाही, कारण आपण व्यायाम करतोय की नाही हे माणसाला कळतंच. शिवाय हे आकडे सरासरीचे आहेत. काहींना गोळीनं काहीच वाटत नाही, काहींना पुष्कळ वाटतं, आणि त्या दुसऱ्या माणसाला सरासरी दाखवून गोळी बंद करायला सांगणं हा अन्याय आहे. पण आकडे लहान आहेत हे खरं. मग एवढ्याशा फायद्यासाठी गोळी का घ्यायची? माझं उत्तर असं की दहा गुणांचा दिलासा खुर्चीत बसून मोजला तर क्षुल्लक आहे, आणि त्याच दहा गुणांवर माणूस उठून वीस मिनिटं चालून आला, रात्री झोपला, दुसऱ्या दिवशी परत चालला, तर तो क्षुल्लक राहत नाही. लहान फायदा वापरला तर वाढतो. अमेरिकेतल्या इंडियानात २५० रुग्णांवर झालेली एक चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यांना कंबरेचं, गुडघ्याचं किंवा खुब्याचं जुनाट दुखणंही होतं आणि नैराश्यही. अर्ध्यांना नैराश्याचं औषध नीट मात्रेत दिलं आणि सोबत दुखणं स्वतः हाताळण्याचं शिक्षण दिलं. उरलेल्यांचे नेहमीचे उपचार चालू राहिले. वर्षानंतर पहिल्या गटातल्या सुमारे ४१ टक्के लोकांचं दुखणं जाणवण्याइतकं उतरलं होतं, दुसऱ्यात सुमारे १७ टक्क्यांचं. औषध एकटं नव्हतं, शिक्षणही एकटं नव्हतं.

नैराश्याचं औषध म्हटलं की पुष्कळ रुग्ण दुखावतात. ‘मला वेड लागलंय असं वाटतं का तुम्हाला?’ असं विचारून चिठ्ठी परत करणारे आहेत, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे, कारण कुणी त्यांना समजावून सांगितलेलं नसतं. मेंदूकडून खाली मज्जारज्जूकडं येणाऱ्या ज्या तंतूंवर वेदनेचं फाटक लोटण्याचं काम असतं, ते तंतू सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन हीच द्रव्यं वापरतात. म्हणून ॲमिट्रिप्टिलिन नैराश्यासाठी लागते त्याहून खूप कमी मात्रेत रात्री दिली जाते, आणि ड्युलोक्सेटिन मधुमेहात पायांची आग होते तेव्हा किंवा गुडघ्याच्या झिजेत दिली जाते. गॅबापेंटिन, प्रीगॅबॅलिन ही मूळची फेफऱ्याची औषधं; चेतातंतूंच्या दुखण्यात ती उपयोगी पडतात, साध्या कंबरदुखीत त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि गुंगी, तोल जाणं, वजन वाढणं हे त्रास मात्र तेवढेच होतात. कोणती गोळी कोणत्या दुखण्याला, हे ठरवणं म्हणूनच डॉक्टरांचं काम आहे, शेजारणीचं नाही.

गोळी आणि हालचाल यांची जोडी सर्वांत स्पष्ट दिसते ती अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस या आजारात. तो तरुणांना गाठतो. पहाटे कंबर दुखून जाग येते, सकाळी अर्धा-पाऊण तास अंग लाकडासारखं ताठ असतं, आणि विलक्षण गोष्ट अशी की पडून राहिलं तर वाढतं, हालचाल केली तर उतरतं. उपचार न झाल्यास मणके एकमेकांना सांधले जाऊन पाठ कायमची वाकू शकते. या आजारात जगभरचे तज्ज्ञ दोन गोष्टी पहिल्याच दिवशी एकत्र सांगतात, सूज उतरवणारी गोळी आणि रोजचा व्यायाम. सकाळच्या ताठरपणात व्यायाम होत नाही, तो होण्यासाठी गोळी. आणि नुसत्या गोळीनं छातीचा पिंजरा आणि पाठीचा कणा मोकळा राहत नाही, त्यासाठी व्यायाम. एवढ्यानं भागलं नाही तर जैविक इंजेक्शनं आहेत, ती देण्याआधी आपल्याकडं क्षयाची तपासणी आवर्जून करतात. या रुग्णाला ‘गोळ्या सोड आणि योगा कर’ असं सांगणारा हितचिंतक त्याच्या योगाचाच पाया काढून घेत असतो.

पण किडनी? हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण त्याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच देशात आहे. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची भारतातली संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ साली कारण सापडलं, २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसाचं शरीर हे औषध गिधाडाहून पुष्कळ चांगलं पचवतं, तरीही मूत्रपिंड, जठर आणि हृदय या तिन्हींवर या जातीच्या गोळ्यांचा भार पडतोच. जठराला सुखाची म्हणून आणलेली रोफेकॉक्सिब हृदयविकाराचा धोका वाढवते असं दिसल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागं घ्यावी लागली. तेव्हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ‘गोळी नको’ हा नव्हे. धोका वाढतो तो उन्हातान्हात पाणी कमी पिऊन रोज गोळी घेतल्यानं, रक्तदाब-मधुमेह असताना क्रिएटिनिन न तपासता वर्षानुवर्षं घेतल्यानं, आणि एक गोळी डॉक्टरांची, एक मेडिकलवाल्याची, एक घरात पडलेली, अशा वेगळ्या नावांच्या पण एकाच जातीच्या गोळ्या एकत्र पोटात गेल्यानं. गुडघ्यासारख्या वरवरच्या सांध्याला याच जातीच्या औषधाचं मलम लावलं तर रक्तात फार थोडं जातं. याहून मोठा धोका मला त्या ‘गुणकारी’ पुडीचा वाटतो, जी घेतल्यावर चार दिवसांत माणूस पळू लागतो. अशा काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. त्यानं तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेततं. कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, ठरलेल्या तपासण्या, आणि गोळीच्या जोरावर केलेली हालचाल, असं असेल तर गोळी बहुतेकांना पेलते.

सवय लागण्याची भीतीही अशीच सरसकट आहे. पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफिनॅकचं व्यसन लागत नाही. व्यसनाचा धोका अफूच्या जातीच्या औषधांत आहे, आणि जुनाट दुखण्यात त्यांचा जास्त फायदा होत नाही, याचा पुरावाही आहे. २०१८ साली अमेरिकेत कंबर, खुबा आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्याच्या २४० माजी सैनिकांवर वर्षभर झालेल्या चाचणीत अफूजन्य औषधं घेणाऱ्यांचं चालणं-फिरणं साधी औषधं घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं नाही, दुखणंही त्यांच्याहून कमी झालं नाही. त्याच वर्षी भारतात याच जातीचं ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं. कर्करोगाच्या वेदनेची गोष्ट सर्वस्वी निराळी आहे. तिथं मॉर्फिन नाकारणं हा अपराध आहे, आणि २०१४ साली त्यासाठीच तो कायदा सैल करण्यात आला.

सहन करण्याचा मोठेपणा मानणाऱ्यांना जॉन बोनिकाची आठवण करून द्यावी. हा इटलीतून अमेरिकेत गेलेला मुलगा कुस्त्या खेळून वैद्यकाचं शिक्षण पुरं करत होता, मुखवटा घालून आखाड्यात उतरत होता. त्या कुस्त्यांनी त्याचे खुबे, खांदे, पाठ कायमची दुखवली. महायुद्धात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना त्यानं पाहिलं की वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाला प्रत्येक तज्ज्ञ आपापला तुकडा पाहून पुढं पाठवतो. त्यातून त्यानं वेगवेगळ्या शाखांचे लोक एका जागी बसून एकाच रुग्णाचा विचार करतील अशी दुखण्याची चिकित्सालयं उभी केली, १९५३ साली या विषयाचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला, आणि १९७३ मध्ये वेदना-अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. सहनशक्ती त्या पैलवानात कमी नव्हती. तरी ‘सहन करा’ असं त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

‘दुखणं हा शरीराचा इशारा आहे, तो गोळीनं दाबू नये,’ असंही म्हणतात, आणि काही वेळा ते खरं असतं. ताप, वजन उतरणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायातली ताकद कमी होत जाणं, रात्री पडून राहिल्यावरही न थांबणारी कळ, पूर्वी झालेला कर्करोग, आणि आपल्या देशात मणक्याचा क्षय, यांपैकी कशाचीही शंका असेल तर गोळी नव्हे, तपासणी आधी. तीही त्याच दिवशी. हे सगळं तपासून बाजूला ठेवलं गेलं असेल, तर तीन वर्षं तोच इशारा देणारं दुखणं नवीन काही सांगत नसतं.

सर्वांत अवघड आक्षेप शेवटी उरतो, आणि तो माझ्या म्हणण्याच्या मुळावरच येतो. गोळीची किंमत ‘काय करवू लागलं’ यावर ठरवायची असेल, तर बीडच्या ऊसतोड मजूर बाईनं वेदनाशामक गोळी गिळून फडात उभं राहणं हे यशच म्हणायचं का? तिला करवतं आहेच की. ती पहाटे उठते, ऊस तोडते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एक दिवस चुकला तर खाडा धरला जातो. याच खाड्याच्या धाकानं आणि पोट-कंबरेच्या दुखण्यांपायी किती बायकांची गर्भाशयं काढली गेली, हे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातून उघड झालं आणि शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. भातलावणीला दिवस दिवस चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या बायकांचं, हमालांचं, बारा तास गाडी चालवणाऱ्यांचं दुखणं याच जातीचं आहे. त्यांना ‘सक्रिय जीवनशैली’ शिकवायला जाणं ही चेष्टा होईल. इथं मला पुन्हा त्या क्रियापदाकडं जावं लागतं. ‘मला चालवत नाही’ या वाक्यात ‘मला’ आहे. व्यायाम आणि राबणं यांत स्नायू तेच लागतात. फरक एवढाच की किती उचलायचं, केव्हा थांबायचं, दुसऱ्या दिवशी किती वाढवायचं, हे व्यायामात माणूस स्वतः ठरवतो आणि राबण्यात दुसराच कुणी ठरवतो. चालून आलेला माणूस झोपतो, शरीर भरून काढतं, उद्या थोडं बळकट होतं. फडातली बाई घरी येऊन चूल पेटवते. तिला दिलेली गोळी तिच्या हालचालीसाठी नसते, खाडा चुकवण्यासाठी असते, आणि ती गोळी माझ्या हिशेबात यश धरायची नाही. तिचं खरं औषध भरपगारी सुट्टी, फडाजवळ दवाखाना आणि वजनाला मर्यादा हे आहे, आणि ते लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांना नाही, सरकारला आहे.

ज्यांना आपला दिवस थोडा तरी आपल्या हाती ठेवता येतो, त्यांच्यासाठी राबण्यातला आणि व्यायामातला हा फरक रोजच्या कामाला येतो. दिवाळीच्या आधी एका दिवसात माळा झाडून काढायचा, डबे घासायचे, फराळाला बसायचं आणि मग चार दिवस कंबर धरून पडायचं, हे घरोघर चालतं. बरं वाटतंय तोवर उरकून घ्यायचं, असा त्यामागचा विचार असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी सत्तरीच्या दशकात जुनाट दुखण्याच्या रुग्णांना नेमकं उलट शिकवलं. दुखायला लागल्यावर थांबायचं नाही आणि बरं वाटतंय म्हणून वाढवायचं नाही. घड्याळ लावून थांबायचं. आज दहा मिनिटं झेपतात तर चांगल्या दिवशीही दहाच, वाईट दिवशीही शक्यतो दहाच, पुढच्या आठवड्यात बारा. गोळीही तशीच, डॉक्टरांनी सांगितली असेल त्या काळापुरती वेळेवर घ्यायची, कळ असह्य होईपर्यंत अडवून ठेवायची नाही, आणि चालण्याची मिनिटं वाढत गेली की ती कमी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारायचं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दुखणं थोडं वाढतं. ते नव्या वापराचं दुखणं असतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरत असेल तर घाबरायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. तीत कमरेचा पट्टा आणि वजनं लावून ओढणं हे नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत असं म्हटलं आहे. व्यायाम आणि समजावून सांगणं यांना जागा आहे. तरी आपल्याकडं पट्टा पहिल्याच भेटीत मिळतो आणि समजावून सांगायला वेळ मिळत नाही. एका दुपारी शंभर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला एकट्याला याचा दोष देता येणार नाही, पण रुग्णाचं त्यात नुकसान होतंच.

म्हणून वाचकाला एक विनंती. पुढच्या वेळी या दुखण्यासाठी डॉक्टरांकडं जाताना एक चिठ्ठी सोबत न्या. तीत आपण घेतो त्या सगळ्या गोळ्यांची, मलमांची, काढ्यांची आणि पुड्यांची नावं लिहा, कुणाच्या सांगण्यावरून घेतो हेही लिहा. आणि खाली आपल्याला काय करवायला हवं आहे ते लिहा: बाजारापर्यंत चालत जायचं आहे, नातवाला उचलायचं आहे, शेताच्या बांधावरून एक फेरी मारायची आहे, पंगतीला खाली बसायचं आहे. ‘दुखणं जायला हवं’ असं लिहू नका, ते डॉक्टरांना न सांगता कळतं. नवी गोळी हातात पडली की ती खालची ओळ दाखवून विचारा, ‘ही घेतल्यावर मला एवढं करवेल का, आणि केव्हा?’